मुंगीच्या दोन वेण्या

रविवार, ९ नोव्हेंबर

वहिनी,

नमस्कार. आईचा गुडघा आता बरा आहे. बाबा काम नसलं तरी रोज सकाळी पाट्या रंगवायचे ब्रश धुऊन उन्हात ठेवतात.

दादाच्या चित्रांवर जीव असणारी आपण मोजकीच माणसं, आणि आपल्यालाच ती परक्यांचे शब्द चिकटवलेली बघावी लागताहेत. एक वेणी वर, एक खाली, पायातला मोजा घसरलेला. दादाने आपल्या लेकीवरून, मुंगीवरून काढलेल्या त्या मुलीच्या तोंडी ‘बाहेरच्यांना हाकला’ हे वाक्य घालून लोक हजारोंनी पुढे पाठवताहेत. शाळेतली मुलं मुंगीला तेच वाक्य ऐकवतात आणि तिने कात्रीने एक वेणी कापून टाकली, हे आईकडून कळलं. त्या दिवशी मी कॉलेजला गेलो नाही.

तू बाबांवर चिडली आहेस. दादाच्या इंटरनेटवरच्या पानावर त्यांनी ‘ही चित्रं कोणीही वापरा, विचारू नका’ असं लिहिलं, म्हणून. ‘बाबांना सांगा, मी अजून जिवंत आहे,’ असं तू आईला म्हणालीस. बाबांनी ते ऐकलं. खरं तर तेव्हाच बोलायला हवं होतं मी.

आमच्या वक्तृत्व स्पर्धेचा विषय होता, निर्मात्याच्या मृत्यूनंतर त्याच्या कामावर घरच्यांचा हक्क किती वर्षं असावा. एकही दिवस नको, असं मी गरजून सांगितलं. कला लोकांची आहे, तिला वारसदारांच्या कपाटात कोंडू नका. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले बाबा सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवत होते.

घरी येताना म्हणाले, “पटलं मला. आमचंही तसंच. पाटी एकदा भिंतीवर चढली की ती रस्त्याची. खाली नाव कोण लिहितो?”

मग दादाचा जुना फोन घेऊन ते एका बोटाने टाइप करत बसले. मला दाखवलं.

“बघ, नीट लिहिलंय का?”

मी एक शब्द सुधारला.

“सूनबाईला विचारायचं का रे?”

“बाबा, तत्त्वाला परवानगी लागत नाही.”

वहिनी, हे वाक्य माझं. बटणही मीच दाबलं. दादाने चित्रांचे हक्क तुझ्या आणि मुंगीच्या नावे लिहून ठेवले आहेत, हे मला माहीत होतं. बाबांना नव्हतं. मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर भाषण अर्धं खोटं ठरलं असतं. माझ्या भाषणाचा व्हिडिओ तेव्हा जोरात फिरत होता, आणि दर दहा मिनिटांनी मी आकडा बघत होतो.

माणूस गेल्यावर साठ-सत्तर वर्षं हक्क राखणं फार झालं, असं मला अजूनही वाटतं. त्यावर मी कोणाशीही भांडेन. पण दादाला जाऊन दीड वर्ष झालंय. मुंगी सात वर्षांची आहे. ज्या मुलीचा चेहरा अजून त्या चित्रात दिसतो, तिला मी लोकांच्या हवाली केलं आणि त्याला तत्त्व म्हणालो.

बाबांची ओळ मी पुसली, माझा व्हिडिओ काढून टाकला. पण सुटलेली चित्रं परत येत नाहीत. ती काढून टाका म्हणून मी तक्रार केली तर उत्तर येतं, तुम्ही हक्कदार नाही. बरोबरच आहे. हक्कदार तू आहेस. त्या चित्रांचे सगळे दुवे मी गोळा करून तुला पाठवले आहेत.

माझ्याशी बोलू नकोस, मला माफ करू नकोस, ते नंतर बघू. हे वाचून झालं की पत्र बाजूला ठेव, फोन उघड आणि तुझ्या नावाने तक्रार कर. आजच.

तुझा दीर,
ज्याने आधी तुला विचारायला हवं होतं