सुईच्या आधी

प्रिय ताई,

आईचं अक्षर बघून पाकीट बाजूला ठेवू नकोस. फोनवर आपण तब्येत, हवा-पाणी एवढंच बोलतो. हे बोलायची माझी छाती नाही. आज पडद्यांचं काम अर्धं टाकून कारखान्यातून लवकर निघाले. मुकादमबाईंना सांगितलं, डोकं दुखतंय. आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलले असं लिहिणार होते, पण तसं नाही, हे तुला कळेलच.

बिट्टीला जाऊन सहा वर्षं झाली. तिचे कपडे मी अजून कुणाला दिले नाहीत. आठवतं, रक्त घ्यायला येणाऱ्या बाईंना ती 'डासताई' म्हणायची? त्याही हसायच्या. सतरा वर्षांची पोर, पोट फुगलेलं, डोळे पिवळेजर्द, आणि तोंडाचा पट्टा चालूच.

तुम्ही दोघींनी कानाला दुसरं भोक पाडलंत तेव्हा तू अकराची, ती आठची. सुई माझ्याच डब्यातली. आधी तुझा कान, मग तिचा. काही महिन्यांनी तिच्या यकृताला सूज निघाली, रक्तात 'हिपॅटायटिस बी'चा विषाणू निघाला. तुझ्या रक्तात तो नव्हता, पण कधीतरी येऊन गेल्याची खूण होती. मी दवाखान्याच्या जिन्यात सगळ्यांदेखत तुझ्यावर ओरडले, "तुझ्या त्या सुईनं घात केला!" त्या दिवसापासून तू तिच्या वेण्या घालायचं सोडलंस.

रक्त माझंही तपासलं होतं. माझ्यातही तो होता. डॉक्टर म्हणाले, बहुतेक तुमच्याकडूनच गेला, जन्माच्या वेळी. मी तो कागद चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला आणि त्या 'बहुतेक'ला धरून नऊ वर्षं काढली.

बिट्टी शेवटची भरती झाली तेव्हा संशोधन करणाऱ्या एक डॉक्टरबाई यायच्या. सख्ख्या बहिणींपैकी एकीच्या अंगातून हा विषाणू निघून जातो, दुसरीच्या अंगात ठाण मांडतो, ते का, हे त्या शोधत होत्या. तिघींचं रक्त नेलं. नंतर त्यांनी मला आणि बिट्टीला समजावलं. तुझी परीक्षा होती म्हणून तू नव्हतीस. आपली पेशी आत शिरलेल्या विषाणूचा तुकडा बाहेर धरून दाखवते, तेव्हा पहारा देणाऱ्या पेशी त्याला ओळखतात. तो धरायचा चिमटा कसा, हे आईवडिलांच्या जनुकांवर ठरतं. आम्हा दोघांकडून तुझ्या वाट्याला आलेला चिमटा बहुधा पक्का निघाला, बिट्टीचा नाही. "एवढंच कारण असेल असं नाही, आम्हालाही सगळं कळलेलं नाही," असंही म्हणाल्या. पण एक गोष्ट त्यांनी ठामपणे सांगितली. बिट्टी तीन वर्षांची असताना, टॉन्सिलच्या ऑपरेशनआधी, तिचं रक्त तपासलं होतं. जुन्या फायलीत तो कागद निघाला. विषाणू तेव्हाच होता. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. सुईचा काडीचा संबंध नव्हता.

बिट्टी लगेच म्हणाली, "आई, ताईला आजच सांग." दुसऱ्या दिवशी विचारलं, "सांगितलंस?" मी हो म्हटलं. वर बजावलं, तिला रडू येतं, तू विषय काढू नकोस. "मग ती अजून माझ्या वेण्या का घालत नाही?" मी म्हटलं, "अभ्यास असतो गं तिला." त्यानंतर अकरा दिवस होती ती.

परवा जावईबापूंचा फोन आला. म्हणाले, आठवा सरत आलाय आणि तू ठरवलंयस, बाळाला हात लावायचा नाही, सगळं बाई ठेवून करायचं. "माझ्या हातून एकीचं झालं, पुरे," असं म्हणालीस म्हणे. ताई, तुझ्या हातून काही झालं नाही. बिट्टीला ते माझ्याकडून आलं. ठाऊक असून मी तुला त्याखाली दबू दिलं, कारण एक मुलगी जात होती आणि खरं कळल्यावर दुसरीही जाईल, ही भीती. गेलीसच की तू तरीही, इतक्या लांब. दोन्ही कागद सोबत आहेत, तुझ्या डॉक्टरांना दाखव. बाळाला जन्मल्याबरोबर लस द्यायला सांग; तुमच्या वेळी मला कुणी सांगितली नव्हती. मला माफ करू नकोस, बोलावूही नकोस हवं तर. पण बाळाला दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस. तूच घे, आणि घट्ट धर.

तू मानशील तर अजून तुझीच,
आई