लिंबाच्या सालीचं दही

बाई, गेल्या रविवारपासून माझं कशातच लक्ष लागत नाही. हे तिसरं पान. पहिली दोन फाडली, कारण दोन्हींची सुरुवात मी ‘आपणांस’ अशी केली होती, आणि तुम्हांला मी कधी आपण म्हटलेलं नाही. मधेच उठून गॅस बंद आहे का बघून आले. गॅस मी लावलाच नव्हता. दुपारचे चार वाजलेत, ऑफिसला सुट्टी आहे, लेक क्लासला गेलीय, आणि मी बावन्न वर्षांची बाई स्वैपाकघरातल्या ओट्यावर वही ठेवून उभ्यानंच लिहितेय. बसलं की पाय हलायला लागतात.

आप्पांचे उरलेसुरले दात काढले गेल्या महिन्यात. ते येळ्ळूरला भावाकडं असतात, मी दर रविवारी स्कूटरवरून जाऊन येते. भात आणि आमटी खाऊन ते कंटाळलेत. म्हणून माझ्या लेकीनं दुकानातून एक डबी आणली, लिंबाच्या स्वादाचं दही. ‘आजोबांना देऊ, हलकं असतंय,’ म्हणाली. मी आधी चमचाभर चाखलं. गोड होतं, गार होतं, आणि वास फरशी पुसायच्या पाण्याचा येत होता. मी डबी तिलाच दिली आणि शनिवारी सकाळी दही फडक्यात बांधून टांगलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. हात विसरले असतील असं वाटलं होतं, विसरले नव्हते.

दहावीच्या सहामाहीत मी कन्नडमध्ये नापास झाले होते. आमची शाळा मराठी, पण कन्नड सक्तीचं, आणि माझ्या पेपरवर तुमच्या शाईचे इतके फराटे होते की माझं अक्षर दिसत नव्हतं. तुम्ही मला वर्गाबाहेर बोलावलं. ‘काय गं, मुद्दाम लिहीत न्हाईस का येत न्हाय?’ मी पेपराची घडी करत राहिले. ‘शनिवारी शाळा सुटली की घरी ये. पैसेबिसे काय न्हाईत. आणि रडायचं असंल तर आत्ताच रडून घे, घरी मला चालायचं न्हाय.’

आप्पांना हे सांगायची सोय नव्हती. सीमाप्रश्नाचा एकही मोर्चा त्यांनी चुकवला नव्हता. तुम्हांला ते हेकट वाटले असतील, पण त्यांचंही एक होतं. आमच्या शेताचा उतारा कन्नडमध्ये आला त्या वर्षी ते तो हातात धरून कचेरीच्या पायरीवर बसले होते. सातवी शिकलेला माणूस, गावातल्यांना पत्रं वाचून दाखवणारा, आणि स्वतःच्या शेताचा कागद कुणाकडून तरी वाचून घ्यायची पाळी आली. आतला कारकून हसला होता म्हणे. तेव्हापासून आमच्या घरात कन्नडचा शब्द निघत नसे. म्हणून मी सांगितलं की शनिवारी मैत्रिणीकडं गणित करायला जाते.

वडगावातलं तुमचं घर दोन खोल्यांचं. तुम्ही निपाणीकडच्या, जैन, नोकरीसाठी इथं एकट्या राहिलेल्या. बाहेरच्या खोलीत फक्त कन्नड बोलायचं, आत स्वैपाकघरात मराठी चालेल, असा तुमचा नियम. मी बाहेरच्या खोलीत तासभर घाम गाळायची आणि डोळे सारखे आतल्या दाराकडं. कारण आत खुंटीला फडकं टांगलेलं असायचं आणि खालच्या पातेल्यात टप, टप पाणी पडायचं. तुमच्यात कालचं विरजण चालत नसे. कोमट दुधात सुक्या मिरचीचे देठ टाकून तुम्ही दर वेळी नवं दही लावायच्या, ती मला पहिल्यांदा जादूच वाटली होती. मग ते घट्ट दही वाटीत काढायचं, साखर कुटून घालायची, आणि किसणीवर लिंबू फिरवायचं. नुसतं वरचं पिवळं. पांढरं लागलं की कडू.

एकदा तुम्ही दारात कुणाशी बोलत होता तेव्हा मी घाईनं अर्धं लिंबू पिळलंच त्यात. तुम्ही आत येऊन वाटीत बघितलं. पाणी सुटलं होतं. ‘रस न्हाय गं, साल! रस घातला की दही रुसतंय. सांगितलेलं ऐकायचं नसंल तर येतीस कशाला?’ मी खाली मान घातली. तुम्ही ते आंबटढाण दही एक चमचा खाल्लंत, तोंड वाकडं केलंत आणि खुदकन हसलात. वर्गात तुम्ही कधी हसायच्या नाहीत. मग आपण दोघींनी तोंडं वाकडी करत ते संपवलं. मला अजून ती खोली दिसते. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं म्हणून तुमची भाजी चुलीवर चढलेली आहे, मी पाटावर बसलेय, आणि चमचा वाटीच्या कडेला लागून आवाज होतोय. शेवटचा घास मी जिभेवर धरून ठेवतेय. आमच्या घरी दही भातात कालवायचं असतं, भाकरीबरोबर खायचं असतं. नुसतं मजेसाठी, पोट भरायला नव्हे, असं काही खायचं असतं हे मला तुमच्याकडं कळलं. ‘जड खाल्लं की डोकं झोपतंय,’ तुम्ही म्हणायच्या. ‘एवढंसं खावं, आणि मन लावून खावं.’

निकाल लागला. कन्नडला मराठीपेक्षा जास्त मार्क. आप्पांनी गुणपत्रिका दोनदा वाचली आणि घडी घालून पेटीत ठेवली. त्याच महिन्यात ते मला घेऊन गणपत गल्लीत आले, कॉलेजच्या वह्या घ्यायला. आणि समोरून तुम्ही. हातात पिशवी, पिशवीत लिंबं. तुमचा चेहरा असा फुलला की मला पळून जावंसं वाटलं. ‘एनव्वा, मनीगे यावाग बर्ती?’ तुम्ही भर गर्दीत हाक मारल्यासारखं विचारलंत. काय गं, घरी कधी येतेस?

आप्पा माझ्याकडं वळले. ‘कोण ह्या?’

‘म्हायत न्हाय,’ मी म्हणाले. ‘मला दुसरंच कोण तरी समजल्या असतील.’

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, एक सायकल घंटी वाजवत आपल्या मधून गेली एवढं आठवतं. मग तुम्ही आप्पांकडं वळून स्वच्छ मराठीत म्हणालात, ‘चुकलं माझं, आण्णा. माझी एक विद्यार्थिनी आहे, अगदी अशीच दिसते. लई हुशार पोरगी. मला वाटलं तीच.’ नमस्कार केलात आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन गर्दीत गेलात.

मी परत कधी आले नाही. कॉलेजला जाताना बस तुमच्या गल्लीवरून जायची तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसायची. दोन वर्षांनी तुमची बदली निपाणीकडं झाली असं ऐकलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. पुढं मी महसूल खात्याची परीक्षा दिली, कन्नड पेपरामुळंच निवड झाली, आणि आज मी उताऱ्यांच्याच टेबलावर बसते. येळ्ळूरचे, काकतीचे म्हातारे कागद घेऊन येतात. मी त्यांना खुर्ची देते आणि एकेक ओळ मराठीत वाचून दाखवते. मागं रांग कुरकुरते, तरी वाचते. हे तुम्हांला सांगायला निपाणीला येईन असं दर दिवाळीत ठरवत होते. बस दीड तासाची सुद्धा नाही.

तर रविवारी मी आप्पांना ती वाटी दिली. त्यांनी पहिला चमचा घेतला, बोळक्या तोंडात फिरवला, आणि म्हणाले, ‘त्या बाजारातल्या बाईनं शिकवलं व्हय हे?’

‘कुठली बाई?’

‘आता तर न्हाय म्हनू नको. दर शनिवारी तुझ्या हाताला लिंबाचा वास यायचा. गणिताला लिंबू लागतंय व्हय? आनि त्या दिवशी तिच्या पिशवीत लिंबं, आनि तुझं तोंड असं पांढरं.’

‘मग बोलला का न्हाई तुम्ही?’

‘मला वाटलं, आज सांगंल, उद्या सांगंल. सांगितलंच न्हाईस.’

‘तुम्ही चिडला असता, आप्पा.’

‘चिडलो असतो की. चार दिस बोललो नसतो. मग बासमतीचं गाठोडं घिऊन गेलो असतो तिच्या दारात. पोरीला फुकट शिकवलं तिनं. नुसता नमस्कार बी करू दिला न्हाईस मला.’ आणि त्यांनी वाटी पुढं केली. ‘हाय का आनि थोडं?’

मी त्यांना आणखी वाढलं. ते मन लावून खात होते, हळूहळू, तुम्ही सांगायच्या तसं, आणि मी परसात जाऊन उगाच दोरीवरचे वाळलेले कपडे परत झटकून वाळत घातले. तेव्हापासून ही उलघाल. पस्तीस वर्षं मी सगळं आप्पांच्या नावावर टाकून बसले होते. आप्पांच्या धाकानं झालं, लहान होते, त्या वेळचं वातावरण तसं होतं. आता ती सोय राहिली नाही.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, टाकायला ठिकाणही नाही. पण एक गोष्ट आप्पांनाही ठाऊक नाही, ती लिहून वही मिटते. अकरा वर्षांपूर्वी ऑफिसात दुपारच्या डब्याच्या वेळी कन्नड पेपर पसरला होता. त्यात श्रद्धांजलीच्या पानावर तुमचा फोटो होता, खाली निवृत्त शिक्षिका, आणि तुमचं नाव. मी बोट ठेवून वाचत होते. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी कन्नडमध्ये विचारलं, ओळखीच्या होत्या का. मी ‘गोत्तिल्ल’ म्हणाले. माहीत नाही. अगदी तुम्ही शिकवलेल्या स्वच्छ उच्चारात म्हणाले, आणि त्या वेळी आप्पा तिथं नव्हते.