पोकळ लागलेली जागा

बाबा,

मी घरात दारू केली. तिला वाइन म्हणतात, पांढरी वाइन, पण तुम्ही दारूच म्हणाला असतात आणि पंचनाम्यातही तसंच लिहिलं असतं. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांत मला तुम्हाला काही लिहावंसं वाटलं नाही, आणि आता लिहायला बसले तर सुरुवात ही अशी होते आहे.

त्याचं असं झालं. तुमच्या जावयांच्या ऑफिसमधला एक न्यूझीलंडचा माणूस टोकियो सोडून कायमचा परत गेला, आणि जाताना त्यानं घरातल्या वस्तू वाटून टाकल्या. कोणाला सायकल मिळाली, कोणाला राइस कुकर. आमच्या वाट्याला एक मोठा खोका आला. त्यात द्राक्षाच्या घट्ट रसाची पिशवी होती, यीस्टची पुडी, आणखी तीन-चार पावडरी, झाकणाची बादली, एक मोठा प्लास्टिकचा कॅन, रबरी नळी, आणि झाकणाच्या भोकात बसवायची एक वाकडी नळी. तिच्यात थोडं पाणी घालायचं, म्हणजे आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि बाहेरची आत जात नाही. तुमचे जावई इंग्रजी कागद मोठ्यानं वाचत होते. रस ओता, पाणी ओता, यीस्ट टाका, चार-सहा आठवडे थांबा, तेवीस लिटर. पन्नाशीच्या माणसाला इतकं खूश झालेलं मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं. खोक्याच्या तळाशी स्पंजात गुंडाळलेली एक काचेची नळी निघाली. खाली फुगीर, वर बारीक, आत आकड्यांची पट्टी. "हे काय असेल?" ते म्हणाले, आणि मी कागद न बघता सांगितलं, दारू किती कडक ते मोजायची नळी.

कारण तुमच्या दारूबंदी कचेरीतली मुद्देमालाची खोली मला अजून दिसते. जप्त केलेले कॅन, ट्यूबा, गुळाची काळी ढेकळं, आणि त्या सगळ्याचा आंबूस वास. तो वास तुम्हाला सहन होत नसे म्हणून तुम्ही सतत दाढेखाली लवंग धरायचात. त्या खोलीत तुम्ही मला तशीच नळी आधी पाण्यात सोडून दाखवलीत आणि मग दारूत. दारूत ती जास्त खाली गेली. "जेवढी बुडेल तेवढी जहाल," तुम्ही म्हणालात. हातभट्ट्यांवर धाडी घालणाऱ्या माणसाची मुलगी म्हणून शाळेत मला थोडा मान होता, आणि मला तो आवडायचा.

बादली आम्ही तातामीच्या, म्हणजे जाड गवती चटयांच्या, खोलीतल्या ओशिइरेत ठेवली. ओशिइरे म्हणजे भिंतीतलं गाद्या ठेवायचं मोठं कपाट, कागदी सरकत्या दारांचं. तिथं अंधार असतो आणि ऊन-थंडी फारशी पोचत नाही. दुसऱ्या दिवसापासून आतून आवाज यायला लागला, बुडुक, मग थोडं थांबून पुन्हा बुडुक. आठवड्यानं तुमच्या नातीचा फोन आला. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या वर्षी झालेली, आता त्सुकुबाला शिकते, होस्टेलवर राहते. तिला मी कौतुकानं सांगितलं. "आई, सोरे, इहोओ," ती म्हणाली. मग मला नीट कळावं म्हणून मराठीत, "कायद्यात बसत नाही ते. इथे घरी दारू आंबवायला लायसन्स लागतं." मला खरंच माहीत नव्हतं. आमचा कायमच्या व्हिसाचा अर्ज नेमका तेव्हाच आत गेलेला. मी तुमच्या जावयांना म्हटलं, "ओतून टाकू या." ते म्हणाले, "निम्मं तर झालंय. आणि कपाटात काय आहे ते कोण बघायला येतंय?"

त्याच आठवड्यात, कचरा टाकायच्या जागी, आमच्या नेमक्या खालच्या घरात राहणाऱ्या आजी भेटल्या. ऐंशीच्या आसपासच्या, एकट्या. बाटल्या वेगळ्या, डबे वेगळे अशा पिशव्या लावता लावता त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे पाहुणे आलेत का?" नाही म्हटलं. त्या दोनदा माफी मागून म्हणाल्या, "दुपारी तीनच्या सुमाराला वर कोणीतरी जमीन ठोकतं. जोरात नाही. टक्, मग जरा वेळ जातो, मग टक्." मी म्हटलं, दुपारी घरात कोणीच नसतं, आम्ही दोघंही कामावर असतो. त्या म्हणाल्या, "हो का," आणि विषय सोडला. घरी सांगितलं तर, "जुनी इमारत आहे, पाइप वाजत असतील," असं उत्तर मिळालं. मीही तेच धरून चालले.

पुढच्या कचऱ्याच्या दिवशी आजींनी पिशवीतून घडी केलेला कागद काढला. कुठल्याशा जाहिरातीच्या पाठीवर त्यांनी आपल्या घराचा नकाशा काढला होता. वरचं आणि खालचं घर सारखंच. आवाज जिथून जिथून आला तिथे पेन्सिलीनं गोल, आणि गोलात वार. दरवाज्यापाशी सुरुवात, मग पॅसेज, मग स्वयंपाकघर भिंतीकडेनं पूर्ण, आणि आता तातामीच्या खोलीचा उंबरा. सगळे गोल एकमेकांपासून सारख्या अंतरावर. "पाइप असा चालत नाही ना?" आजींनी हळूच विचारलं. मी कागद हातात धरून उभी होते. ट्रेन चुकली.

ती चाल मला माहीत होती, बाबा. तुम्ही मला एकदाच धाडीला नेलंत. आई माहेरी गेली होती, शाळेला सुट्टी होती, आणि मला ठेवायला कोणी नव्हतं. उसाच्या मधली एक वाडी. मी जीपमध्ये बसायचं ठरलेलं, पण बसले नाही, दारात येऊन उभी राहिले. तुम्ही हातात लोखंडी सळई घेऊन त्या बाईच्या घरात शिरता आहात. भिंतीकडेनं, एक हात सोडून एक, सळईचं बोथट टोक जमिनीवर आपटता आहात आणि मान वाकडी करून ऐकता आहात. जिथं पिंप पुरलेलं असेल तिथं जमीन वेगळी बोलते, हे तुम्हीच मला सांगितलेलं. बाई चुलीपाशी उभी आहे. कोपऱ्यात लुगड्याची झोळी टांगलेली, तिच्यात तान्हं मूल. तुम्ही झोळीखाली सळई आपटलीत आणि जमीन पोकळ बोलली. तुम्ही पुन्हा आपटलीत, तिथंच. पुन्हा पोकळ. बाई म्हणाली, "सायेब, लेकरू निजलंय." तुम्ही झोळीकडे बघितलंत, मग बाहेरच्या शिपायांना म्हणालात, "इथं काही नाही. चला."

जीपमध्ये मी म्हटलं, "बाबा, तिथं पोकळ वाजलं होतं." तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवलात. "तुला काय कळतंय त्यातलं? तोंड बंद ठेवायचं." दुसऱ्या दिवशी तुम्ही मला नवी कंपासपेटी आणून दिलीत, वाढदिवस नसताना. आणि आठ-दहा दिवसांनी, मी स्वयंपाकघरात पोळी खात असताना, तुम्ही मोरीत हात धूत होतात, किती तरी वेळ, आणि आई विचारत होती, "अहो, झालं काय?" तुम्ही पाठमोरेच म्हणालात, "त्या वाडीवरची प्यायले. एक गेला. दोघांचे डोळे गेले." आईला काही कळलं नाही. मला कळलं. मी पोळी संपवली.

आजींचा कागद पाहिल्यावर दोन दिवसांनी मी दुपारची रजा घेतली आणि त्यांच्या घरी जाऊन बसले. वर आमच्या घराला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. आजींनी चहा केला, टीव्ही बंद केला. तीन वाजून गेले आणि वरून आवाज आला. तातामीवर येतो तसा मऊ, धप. मग थांबणं. ते थांबणं जास्त भयंकर होतं, कारण कोणीतरी ऐकत होतं हे त्यातून कळत होतं. धप. थांबणं. आमच्या डोक्यावरून तो आवाज एक एक हात सरकत भिंतीकडे गेला. मग ओशिइरेची खालची फळी वाजली, पोकळ. आणि पुन्हा एकदा, तिथंच. त्यानंतर काही नाही. आजी छताकडे बघत होत्या. "सापडलं वाटतं," त्या म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात.

मी वर गेले. कुलूप जसंच्या तसं. घरात कोणी नव्हतं. ओशिइरेचं दार चार बोटं उघडं होतं. मीच तसं ठेवलं असेल, सांगता येत नाही. आत रोजचं बुडुक बुडुक बंद पडलं होतं. आंबायचं थांबलं की ते बंद पडतं, कागदात तसं लिहिलेलं आहे. मी कपाटासमोर बसले आणि मला दवाखान्यातले तुम्ही आठवलात. मिरजेला, शेवटच्या आठवड्यात, तुम्ही पलंगाशेजारच्या भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करायचात आणि नर्सला वाटायचं तुम्हाला काही हवंय. एका दुपारी आई डबा आणायला गेली होती तेव्हा तुम्ही मला विचारलंत, "त्या दिवशी तुलाही ऐकू आलं होतं ना गं?" मी म्हटलं, "कुठल्या दिवशी?" तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग मान वळवलीत आणि पुन्हा भिंत वाजवायला लागलात. मला वाटलं मी तुम्हाला सोडवते आहे. तुम्हाला त्या वेळी बरोबर कोणीतरी हवं होतं, हे मला कळायला फार वर्षं लागली. ऐकू आलं होतं, बाबा. दोन्ही वेळा. आणि ते मूल झोपलेलं मीही पाहिलं होतं. तुमच्या जागी मी काय केलं असतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

शनिवारी तुमचे जावई केस कापायला गेल्यावर मी रबरी नळी लावून सगळं न्हाणीघराच्या मोरीत सोडलं. फिकट पिवळं, अजून गढूळ. वाहायला खूप वेळ लागला. ते आल्यावर म्हटलं, "ओतून टाकली, लेकीला शब्द दिला होता." ते जरा वेळ रुसले, मग खोका बांधून मोठ्या कचऱ्याच्या दिवशी द्यायला ठेवला. सोमवारी आजी भेटल्या. वर शांत आहे, म्हणाल्या, आता दुपारी झोप लागते. सांगताना काहीशा उदास वाटल्या, किंवा मला तसं वाटलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, घरात कोणाला दाखवायचंही नाही. एकच सांगायचं राहिलं. सगळं ओतलं नाही मी. एक बाटली भरून घेतली आणि ओशिइरेत, अगदी मागे, सुटकेसच्या आड ठेवली आहे. आज तीन आठवडे झाले. काल पुन्हा खाली जाऊन, दुपारी वर काही वाजलं का, असं आजींना विचारून आले. अजून काही नाही, म्हणाल्या.