वरचा पोर्शन रिकामा आहे

१ मे १९९८, शुक्रवार. सकाळी ७
आजपासून रोज लिहिणार. वही दुकानातली, मापांची. दुकान बंद केलं तेव्हा निम्मी कोरी होती. दुसऱ्या कोणी वाचायची नाही.

सुनंदाचा हुकूम असा: गौरीच्या सणापर्यंत वरच्या पोर्शनमध्ये भाडेकरू आला पाहिजे. माझ्या हाकेला ओ देईल असं कोणीतरी घरात हवं. नाहीतर जयनगरचं घर सोडून मी तिच्याकडे होसकोट्याला राहायला जायचं. मुलगी माझी, बोलते हेडमास्तरासारखी. कारण काय, तर गेल्या महिन्यात मी न्हाणीघरात पडलो. पडलो नव्हतो. खाली बसलो होतो. उठायला दीड तास लागला, एवढंच. फूलवालीने दार ढकललं. मी हाका मारत होतो असं ती सगळ्या क्रॉसमध्ये, गल्लीभर, सांगते. मी गाणं म्हणत होतो.

निश्चय: ब्रोकर नको. आठ दिवसांत मीच भाडेकरू आणतो. शाळा सहावीपर्यंतच झाली, पण शिवाजीनगरात (इथल्या, पुण्यातल्या नव्हे) चाळीस वर्षं शिलाईचं दुकान चालवलं. माणूस मापाला उभा राहिला की त्याचा स्वभाव मला कळतो.

६ मे, बुधवार
‘टू लेट’चा बोर्ड स्वतः रंगवून गेटला लावला. पाच दिवसांत तिघे आले. एकाला दंतवैद्याचा पत्ता हवा होता. दुसरा रद्दीवाला. तिसऱ्याने बोर्ड केवढ्याला रंगवून मिळेल असं विचारलं, म्हणजे अक्षर चांगलं आलं आहे.

९ मे, शनिवार
ब्रोकरकडे गेलो. निश्चय मोडला नाही, नुसती चौकशी.

नाव जयतीर्थ. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये स्टुलावर बसतो, तेच त्याचं ऑफिस. खिशाला तीन पेनं, त्यातलं एकही चालत नाही. सगळ्या गिऱ्हाइकांना तो ‘व्हेरी गुड पार्टी’ म्हणतो. मी माझ्या अटी वाचून दाखवल्या. बॅचलर नको. वकील नको. (एका वकिलाने एकच कोट माझ्याकडून आठ वेळा उसवून घेतला होता. असा माणूस घर सोडेल का?) लहान मुलं नकोत, डोक्यावर धावतात. म्हातारे नकोत, त्यांचा भरवसा नाही. रात्री नऊला गेट बंद. आणखी पाच किरकोळ. आणि शेवटची, अकरावी: मी खालून पितळेची थाळी वाजवली की दोन मिनिटांत वरून कोणीतरी खाली आलं पाहिजे.

प्रत्येक अटीला जयतीर्थ ‘सरी मास्टर, सरी’, म्हणजे ठीक आहे, म्हणाला. लिहून मात्र फक्त माझा फोन नंबर घेतला.

१६ मे, शनिवार
पहिली पार्टी. बँकेतला क्लार्क, बायको, दोन मुलगे. क्लार्कची कॉलर उलटवून शिवलेली. काटकसरी माणूस, चांगली गोष्ट. पण मुलगे जिन्यावरून तीनदा वर-खाली धावले. नाही म्हटलं.

जयतीर्थ म्हणाला, थाळी वाजवल्यावर धावत येणारी माणसं हवीत, पण धावणारी मुलं नकोत, हे कसं जमणार? ब्रोकर लोकांना बारकावे कळत नाहीत.

२४ मे, रविवार
दुसरी पार्टी. शाळेत शिकवणारी बाई आणि तिची आई. शांत, स्वच्छ, देवभोळ्या. म्हातारे नकोत ही अट आईपुरती सोडायला मी तयार होतो. तेवढ्यात आईने नाक वर करून विचारलं, खाली काय शिजतंय? रविवार आहे, मटण शिजतंय, म्हणालो.

त्या नाही म्हणाल्या. मीही नाहीच म्हणणार होतो. त्या आधी बोलल्या, एवढंच.

२ जून, मंगळवार
विचार करून नवी अट घातली. भाडेकरू मराठी हवा. माझी बायको सोयराबाई गेल्यापासून दोन वर्षं घरात कोणी आपल्या भाषेत बोललेलं नाही. सुनंदा फोनवर बोलते, पण ती फक्त प्रश्न विचारते. जेवलात का, गोळी घेतली का, न्हाणीघरात पाणी सांडलंय का.

जयतीर्थने कपाळाला हात लावला. आता मराठी पार्टी काय पुण्याहून आणू का, म्हणाला.

११ जून, गुरुवार
आणली. पुण्याहूनच. शंतनु आणि आर्या, नवरा-बायको, दोघंही कंप्युटरमध्ये. शंतनुचा शर्ट रेडीमेड, खांदा अर्धा इंच उतरलेला. पण उभा सरळ राहतो.

मी ठेवणीतलं मराठी काढलं. पाहुण्यांना बोलतो तसं. घर दाखवलं, नळाला पाणी कधी येतं ते सांगितलं, सोयराबाईने लावलेली तुळस दाखवली. दोघं ऐकत होती. मग आर्या म्हणाली, “काका, तुमचं मराठी किती छान आहे. कुठे शिकलात?”

आमचे लोक शहाजीराजांबरोबर या कन्नड गावात आले. मी म्हणालो, “घरीच. साडेतीनशे वर्षं शिकतो आहे.”

ती हसली. मी हसलो नाही. पार्टी रद्द.

१३ जून, शनिवार
ती दोघं स्वतःहून परत आली. ब्रोकर नाही, काही नाही. आर्याने चूक झाली म्हणून सांगितलं आणि पुण्याची बाकरवडी दिली. कडक आहे. एक तास तोंडात धरली की जमते.

थाळीची अट सांगितली. मला वाटलं, हसतील. आर्या म्हणाली, “चला, आत्ताच ट्रायल घेऊ.” ती वर गेली, मी थाळी वाजवली. अर्ध्या मिनिटात खाली. चपलासुद्धा घातल्या नव्हत्या. आजोबा, बरं आहे ना, असं खरोखरच घाबरून विचारलं. काका म्हणणारी आता आजोबा म्हणते.

ट्रायल तीनदा घेतली. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेची गरज नव्हती.

पक्कं. पण लगेच हो म्हणायचं नाही. लगेच हो म्हटलं की भाडेकरू डोक्यावर बसतो. दहा दिवस विचारात आहे असं दाखवणार.

२० जून, शनिवार
जयतीर्थ घरी आला. गुरुवारपासून आषाढ लागतो. आषाढात या गावात कोणी घर बदलत नाही. तो म्हणाला, मास्टर, सोमवारी मुलांना बोलवा, वर दूध उतू घालवा, किल्ली द्या. प्रवेश झाला. मग सामान तीस तारखेला आलं तरी दोष नाही. सगळे असंच करतात.

मी म्हणालो, विचार करतो. ब्रोकरला एवढी घाई का? जिथे घाई तिथे खोट. दहा दिवस मंगळवारी पुरे होतात. तोपर्यंत एक शब्द नाही.

२३ जून, मंगळवार. संध्याकाळी ५
दहा दिवस पुरे. हो सांगायला बूथवर गेलो. जयतीर्थ मामाच्या गावी गेला आहे. शंतनुचा नंबर त्याच्याच डायरीत, डायरी त्याच्या खिशात.

२५ जून, गुरुवार
आज जयतीर्थ भेटला. मुलांना बोलावून घेतलं. मी हो म्हणालो आणि सांगितलं की राहायला चोवीस जुलैला या, श्रावण लागला की. शंतनु म्हणाला, आजोबा, आम्ही आषाढबिषाढ मानत नाही, आणि कंपनीचं गेस्ट हाउस तीस जूनला सोडायचं आहे, महिनाभर कुठे राहू? जयतीर्थ स्वतः ब्राह्मण. तोही म्हणाला, मी भटजींना विचारून घेतो, काही शांत वगैरे करू.

मी मानतो. बाराव्या क्रॉसमध्ये एकाने आषाढात बिऱ्हाड हलवलं, वर्षाच्या आत त्याची बायको माहेरी गेली. आर्या एवढीशी पोर. तिच्यावर कशाला संकट? तसं तिला सांगितलं. तिने जाताना वाकून नमस्कार केला.

थांबतील. चांगल्या घरची आहेत.

८ जुलै, बुधवार
वरच्या चार खिडक्यांची मापं घेतली. जिना तीनदा चढलो, काही झालं नाही. चौथ्यांदा चढलो नाही, कारण गरज नव्हती. निळ्या कापडाचे पडदे शिवतो आहे. मशीनला तेल घातलं. सुईत दोरा ओवायला अर्धा तास लागतो, हल्लीच्या सुयांची भोकं बारीक असतात.

सुनंदाला फोनवर सांगितलं, भाडेकरू मिळाले. पलीकडून खरखर ऐकू आली. मग म्हणाली, बरं झालं अण्णा. रडत होती की लाइन खराब होती, कळलं नाही.

२४ जुलै, शुक्रवार. सकाळी ६
श्रावण लागला. नवं पातेलं, एक लिटर दूध. पडदे लावले. फूलवालीकडून दारावर तोरण लावून घेतलं. तिने आता तरी क्रॉसमध्ये हेही सांगावं.

त्याच दिवशी. दुपारी ३
ट्रॅफिक असेल.

त्याच दिवशी. संध्याकाळी ६
दूध उतू घालवायचं म्हणजे घरात येणाऱ्याने घालवायचं. मी ते खाली आणून गाळून प्यायलो. उरलेल्याचं दही लावलं.

२५ जुलै, शनिवार
बूथवर गेलो. जयतीर्थने आधी मला स्टूल दिलं, तेव्हाच समजायला हवं होतं. मुलं तीस जूनलाच राहायला गेली. पुढच्या क्रॉसमध्ये, पिवळ्या बंगल्यात, मागच्या बाजूला. घर त्यानेच दाखवलं. मला का सांगितलं नाहीस, म्हणालो. तो म्हणाला, “मास्टर, दोनदा आलो सांगायला. तुम्ही मशीनवर बसला होता. आवाज ऐकला आणि परत गेलो.”

ब्रोकर जातच अशी.

२ ऑगस्ट, रविवार
भाजीवाल्याकडे आर्या भेटली. आजोबा, चहाला या ना, पलीकडच्याच क्रॉसमध्ये आहोत, म्हणाली. मला सध्या वेळ नाही असं सांगितलं. तिने माझी पिशवी गेटपर्यंत आणून दिली. पिशवीत दोनच काकड्या होत्या.

६ ऑगस्ट, गुरुवार
अटी थोड्या ढिल्या केल्या. मुलं चालतील. म्हातारे चालतील. वकीलही चालेल, तरुण असला तर. जयतीर्थ म्हणतो, श्रावणात घर घेणाऱ्यांनी आषाढातच बघून ठेवलेलं असतं. आता स्वल्प उशीर झाला.

१३ ऑगस्ट, गुरुवार
चार बॅचलर आले. कॉलेजातले. मी हो म्हणालो. गेट दहाला बंद करीन, म्हणालो. अकराला. मग म्हणालो, चावी तुमच्याकडेच ठेवा. त्यांनी घर बघितलं, मला बघितलं, आपसात बोलले. एक जण नम्रपणे म्हणाला, अंकल, घर छान आहे, पण तुम्हाला रात्री काही झालं तर आमच्यावर जबाबदारी येईल.

त्याच्या पँटची शिवण वाकडी होती. अशा माणसावर भरवसा ठेवलाच नसता.

१९ ऑगस्ट, बुधवार
विजय. गौरीला सहा दिवस बाकी असताना पार्टी मिळाली. आणि कशी. गिरीराज, रेशमाचा व्यापार. बायको, दोन मुलं, आई. शर्ट शिवून घेतलेला, काजं हाताने केलेली. सगळ्या अटींना तो हो म्हणाला, थाळीच्यासुद्धा. फक्त थाळीचं ऐकताना त्याने जयतीर्थकडे बघितलं.

माणसं आपुलकीची. वरचं बघून झाल्यावर माझंही घर बघायला मागितलं. बायकोने माझं कपाट उघडून आत किती हँगर मावतात ते मोजलं. आईने माझ्या खाटेपाशी उभं राहून पूर्व कुठली, सकाळचं ऊन कुठवर येतं ते विचारलं. न्हाणीघरात दांडी बसवायला भिंत पक्की आहे का, हेही तिने ठोकून बघितलं. माझी एवढी काळजी अजून कुठल्या भाडेकरूने केली नव्हती.

२१ ऑगस्ट, शुक्रवार
सुनंदा सकाळीच होसकोट्याहून आली. जयतीर्थ स्टॅम्प पेपर घेऊन आला. अ‍ॅग्रीमेंट इंग्रजीत. मी बोट ठेवून एकेक शब्द वाचला. पहिल्या मजल्याचं नाव आलं, ठीक. पुढे ग्राउंड फ्लोअरचंही आलं. मी म्हणालो, टायपिस्टची चूक झाली आहे.

जयतीर्थ बाहेर जाऊन तुळशीपाशी उभा राहिला. सुनंदा माझ्यासमोर जमिनीवर बसली, लहानपणी धडे म्हणायला बसायची तशी.

“अण्णा, चार महिने झाले. फोन वाजला की तुम्ही पडलात असंच वाटतं. तुम्हाला माणसं मिळाली होती. तुम्ही घेतली नाहीत.”

मी म्हणालो, आषाढ होता.

ती म्हणाली, “हो अण्णा. आषाढ होता.” आणि पेन दिलं.

सही केली. खरं तर पूर्ण घर एकाच पार्टीला देणं केव्हाही चांगलं. भांडणं होत नाहीत. हा विचार माझ्या मनात मेपासूनच होता, लिहायचा राहिला.

२५ ऑगस्ट, मंगळवार. होसकोटे
गौरी. इकडे ती गणपतीच्या आदल्या दिवशी. सकाळी टेम्पोने आलो. जावई नागनाथ फॅक्टरीतून अर्धी सुट्टी काढून आला होता. थोडे दिवस बदल म्हणून मी इथे राहणार आहे. घर लहान आहे पण हवेशीर. भाड्याचं आहे, हे मला माहीत होतं. मालक खालीच राहतात, हे माहीत नव्हतं.

२६ ऑगस्ट, बुधवार
मालक गणपतीचा प्रसाद घेऊन वर आले. मला बघून नागनाथला बाजूला बोलावलं. अ‍ॅग्रीमेंटमध्ये नवरा-बायको, दोन मुलं अशी चार माणसं लिहिली आहेत, हे पाचवे कोण? म्हाताऱ्या माणसाचं पुढे काही झालं तर कोण बघणार? नागनाथ म्हणाला, सासरे आहेत, पाहुणे, आठ दिवस.

मग मालकांनी मलाच विचारलं, किती दिवस? मी सांगितलं, आठच. जयनगरला माझं स्वतःचं दुमजली घर आहे, तिथे भाडेकरूंवर लक्ष ठेवावं लागतं. ते म्हणाले, मग ठीक.

३ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी ११
आज नववा दिवस. सुनंदा बाजारात गेली आहे. जाताना आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. मालक अंगणात खुर्ची टाकून बसले आहेत. ते आत जाईपर्यंत खोकू नका अण्णा, म्हणाली.

खोकला तसा फारसा नाहीच. आणि आज बाहेर माझं काही कामही नव्हतं.