गोधडीचे टाके उमटलेली पाठ

माय, आताशा हिवाळ्यात माझे हात लवकर गारठतात आणि मग तुझी शेड आठवते. चंद्रपुरात घरामागे टिनाची, खाली ओली माती, भिंतीला टेकवलेले बुद्धमूर्तींचे साचे. बाबा गेल्यावर ते तुझ्याकडे आले, पण काकांनी बजावून ठेवलं होतं, पोंभुर्ण्याकडच्या विहाराची मूर्ती गावानं नेली तर ठीक, नाहीतर साचे त्यांच्याकडे जातील. तुझ्या एकटीच्या हातची ती पहिलीच. ऐंशीनंतरची वर्षं ती. मी शाळेत होते.

सकाळी मूर्ती न्यायला गावचा ट्रॅक्टर येणार होता. आदल्या दुपारी तू साच्यात रेझीन ओतलंस. ऊन उतरलं तरी मूर्तीची उघडी पाठ बोटाला चिकटते आहे. काका दारात, नाकाला दुपट्टा लावून.

"वहिनी, थंडीनं रेझीन घट्ट होत नाई. हार्डनर वाढव ना."

"वाढवलं तं चेहऱ्याले तडा जाते, भाऊजी."

"मंग शेगडी आणतो."

"आणा. शेड बी जळन, तुम्ही बी जळसान."

मी हसले, तर तू माझ्यावरच खेकसलीस, "दात काऊन काढून राह्यली? घरातल्या साऱ्या गोधड्या आण." रेझीन घट्ट होताना आतून तापतं, ती ऊब तुला निसटू द्यायची नव्हती. एकेक गोधडी तू मूर्तीवर घातलीस, आजारी लेकराला घालावी तशी. त्या रात्री आपण दोघी तुझ्या जुन्या लुगड्यांत झोपलो.

सकाळी मूर्ती घट्ट झाली होती. चेहरा नितळ. पण खालची गोधडी पाठीला धरून बसलेली. ती ओढून काढली तर खांद्यापासून कमरेपर्यंत तिचे टाके उमटलेले. घासायला वेळ नव्हता. गावचा ट्रॅक्टर आला होता. एकानं मूर्ती फिरवून पाहिली. "काऊन वो बाई, पाठ अशी कशी झाली? हे नाई चालत." काका साच्यांकडे पाहत राहिले. तेवढ्यात ट्रॅक्टरवरून एक म्हातारी हळूहळू उतरली. त्या माणसाची आईच असावी. तिनं पाठीवरून हात फिरवला, मग लेकाकडे वळली.

"तुह्या पाठीवर बी रोज खाटेची सुतळी उमटते. बायकोनं तुले वापस देल्लं का?"

सगळे हसले. मूर्ती भाताच्या तणसावर निजवून नेली. साचे तुझ्याकडे राहिले.

आणि तू थांबलीच नाहीस. धानोऱ्यापर्यंतच्या विहारांत तुझ्या मूर्ती गेल्या. दार लावलेल्या शेडमध्ये, त्या उग्र वासात, वर्षानुवर्षं. आधी खोकला आला, मग जिना चढवेना, मग बोलताना दम लागायला लागला. डॉक्टरांनी शेड बंद करा म्हटलं तेव्हा तू म्हणालीस, "गावाले शब्द देल्ला हाय." त्यातच तू गेलीस. आता मी तुझ्या तेव्हाच्या वयाच्या पुढे आले आहे, आणि तुझ्याशी भांडायलाही फार थकले आहे.

कार्यक्रमात मला तुझ्याविषयी बोलायला बोलावतात. मी ही गोष्ट सांगते, लोक टाळ्या वाजवतात, आणि ट्रॅक्टर निघाला की मी थांबते. पुढचं कुणाला सांगत नाही. हा कागदही मी मुलीच्या हाती लागू देणार नाही. कारण माय, त्या म्हातारीनं तुला वाचवलं असं मी सगळ्यांना सांगते, आणि मला अजूनही तिचा थोडा राग येतो.