नर्सची खुर्ची

पुणे, ५ जानेवारी २०२५

तीर्थरूप मथुराअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

मार्चअखेर मी निवृत्त होतोय. सत्तावीस वर्षं मुलांना वस्तूंची रचना शिकवली. आधी एसटीच्या पायऱ्या, मग दवाखान्यातल्या खाटा, मग रुग्णवाहिका. निरोपाचं व्याख्यान रुग्णवाहिकेवरच आहे आणि लिहायला बसलो की हात थांबतो.

चौऱ्याण्णव साली तू टेंभुर्णीच्या दवाखान्यात नर्स होतीस. मी विद्यार्थी, सुट्टीत तुझ्याकडे आलेलो. एका बाळंतिणीला सोलापूरला न्यायचं होतं, तू मलाही गाडीत घेतलंस. मोडनिंब गेलं तरी तू उभीच. एका हातात सलाईनची बाटली, दुसरा छताच्या दांडीला. घरी येऊन तू खडूनं फरशीवर गाडी काढलीस आणि म्हणालीस, की नर्सची खुर्ची पेशंटच्या उशाशी हवी, पट्ट्यासकट, सगळं सामान बसल्या हाताला लागेल अशी. माझा प्रबंध म्हणजे तीच फरशी. त्यावरून रुग्णवाहिकांत खुर्च्या बसल्या, मला नोकरी लागली, नाव झालं. प्रबंधात तुझं नाव मात्र कुठंच नाही. व्याख्यानात हे सांगू का?

तुझ्या मायेतला,
अभिमन्यू

सोलापूर, १४ जानेवारी

चि. अभिमन्यूस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. नव्या पेठेत तिळगुळाला ही गर्दी, की रिक्षा शिरेना.

प्रबंधाची प्रत तू पाठवली होतीस. शब्दकोश घेऊन मी शेवटपर्यंत वाचली. माझं नाव शोधलं, खोटं कशाला सांगू? त्या भाऊबीजेला तू येतो म्हणालास, तर मी गावाला चाललेय असं कळवलं. दार लावून घरातच बसले होते. लई दिवस राग होता. मग कधी गेला, कळलंही नाही. सांगायचं तर सांग.

पण मला दुसरंच बोलायचंय. मागच्या महिन्यात शेजारच्या निंगव्वाला चक्कर आली, मी रुग्णवाहिकेत सोबत गेले. खुर्ची तुझ्याच पद्धतीची. केवढा आनंद झाला मला! बसले, तर पाय खाली टेकेनात. वळणावर पट्टा गळ्यापाशी आला. निंगव्वा बरी आहे. पण तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, की आम्ही कुणी त्यात बसतच नाही, उभ्यानंच जातो. कुणाच्या उंचीची केलीस रे?

जिवाला जप.
तुझी अक्का

पुणे, २२ जानेवारी

ती. अक्कास,
शि. सा. न.

पत्र तीनदा वाचलं. खुर्चीची मापं मी वर्गमित्रांची घेतली होती. बारा जण, सगळे मुलगे. तू घरचीच होतीस, पण तुला बसून बघ असं म्हणालो नाही. व्याख्यानात आता दोन्ही सांगणार आहे: कल्पना तुझी, चूक माझी. पुढं बसणं नको वाटलं तर मागे बस, पण ऐकायला ये.

रागाव, पण तोडू नकोस.
अभिमन्यू

सोलापूर, २० एप्रिल

चि. अभिमन्यूस आशीर्वाद.

पुण्याहून आल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होते. भाषणात तू माझं नाव घेतलंस तेव्हा मी मुद्दाम खाली बघितलं. नाहीतर तुला पुढचं बोलता आलं नसतं.

काल तुझ्या विभागातल्या झीनतबाई वरखाली होणारी लाकडी खुर्ची घेऊन आल्या. मी जुन्या-नव्या नऊ नर्सा जमवल्या. एकेकीची मापं झाली, चहा झाला. आता उठतील म्हटलं, तर नागव्वा म्हणाली, की ऑक्सिजनची नळी डोक्याला लागते. इमामबी म्हणाली, की दार आतून एका हातानं उघडत नाही. मग सगळ्याच बोलायला लागल्या. झीनतबाईंची वही भरली, पुढचं त्यांनी माझ्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिलं. चाळीस वर्षांत आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं की.

पुढच्या रविवारी परत जमतोय. निवृत्त माणसाला काय काम? ये, आणि येताना कोऱ्या वह्या आण.

वाट बघणारी,
अक्का