फोटोत आडवी येणारी फांदी

पोशेरा,
मंगळवार, ९ जुलै २०२४

ती. सरूताईस,
हरेशचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आम्ही खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, पण मी खुशाल नाही. पावसाने मोबाइलची रेंज गेली आहे, म्हणून हे पत्र एसटीच्या कंडक्टरकडे, जिवाभाऊंकडे देतो आहे.

ओहोळाच्या दरडीत तिबोटी खंड्याचं बीळ आहे, आत चार पिल्लं. मुठीत मावेल एवढा पक्षी, जांभळी पाठ, पिवळं पोट, लाल चोच. त्याचे फोटो काढायला ठाण्याहून माणसं येतात आणि मी त्यांना दाखवतो, हे तुला माहीत आहेच. काल एक साहेब म्हणाले की बिळासमोरची फांदी फोटोत आडवी येते. मी कोयत्याने एका घावात उडवली. तेव्हापासून नर नाही की मादी नाही, कोणी आत गेलेलं मी पाहिलं नाही.

पिल्लं सारखी ओरडत होती. आज सकाळी त्यांचा आवाज बारीक झाला. उद्या उजाडेपर्यंत वाट बघतो, नाहीतर दरड खणून त्यांना टोपलीत घालून तुझ्याकडे आणतो. ताई, तिकडे जव्हारला कोणाला तरी विचार. माझं डोकंच चालत नाही.

रागावलीस तरी भावावरची माया पातळ करू नकोस.
तुझा,
हरेश


जव्हार,
मंगळवार, संध्याकाळ

चि. हरेश यास,
सरूताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र दुपारी मिळालं. वसतिगृहाच्या भाकऱ्या तव्यावर सोडून तशीच वनखात्याच्या कचेरीत गेले. मुलींना आज करपलेल्या भाकऱ्या मिळाल्या, ते पाप तुझ्या माथी.

तिथे करिष्मा मॅडम म्हणून वनरक्षक आहेत. त्यांनी आधी मलाच झापलं. मग समजावून सांगितलं की हा पक्षी घास घेऊन सरळ बिळात शिरत नाही. आधी समोरच्या फांदीवर बसतो, चहूकडे बघतो, मगच आत जातो. तू त्याच्या दाराची पायरीच तोडलीस. आईबाप कुठे गेलेले नाहीत, जवळच झाडीत घाबरून बसले असतील, असं त्या म्हणाल्या.

तेव्हा खणू नकोस. तिथेच एक फांदी रोव, माणसं हटव आणि तूही लांब जा. लहानपणी चुलीवरच्या भाताचं झाकण तू दहा वेळा उघडायचास, म्हणून मुद्दाम लिहिते, बघायला जाऊ नकोस.

हे गाइडचं काम कर म्हणून मीच तुझ्या मागे लागले होते. तुला एकट्याला बोल लावत नाही. पण खणू नकोस रे बाबा. सकाळच्या पहिल्या गाडीने हे पत्र पाठवते.

जिवाला सांभाळ. ताईची माया होती तेवढीच आहे.
सरू


पोशेरा,
शुक्रवार, १२ जुलै

ती. सरूताईस,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र बुधवारी दहा वाजता हातात पडलं. मी सात वाजताच खणलं होतं.

दोन पिल्लं मेलेली होती, दोन जिवंत. जिवंत होती ती टोपलीत ठेवून वळलो आणि मादी आली. तिच्या चोचीत पाल होती. बीळ होतं तिथे नुसती ओली माती. बसायला काहीच नाही, म्हणून ती जागच्या जागी फडफडत राहिली, चिखलावर उतरली, पुन्हा उडाली. चोचीतला घास मात्र सोडला नाही. ताई, मी तिथेच खाली बसून रडलो.

पत्र वाचल्यावर टोपली घेऊन पळत दरडीकडे गेलो. दरडीत हातभर भोक पाडून बांबूचं पेर बसवलं, दोन्ही पिल्लं आत सरकवली, कडेने माती लिंपली, समोर फांदी रोवली. मग निघून आलो. तेव्हापासून गेलेलो नाही. अन्न गोड लागत नाही. दिवसभर रस्त्याच्या वळणावर बसतो. तिथून ओहोळाच्या पाण्याशिवाय काही ऐकू येत नाही.

आज ते साहेब पुन्हा आले, बरोबर चार माणसं. मी त्यांना वळणावरच अडवलं आणि सांगितलं की पिल्लं मेली, घरटं रिकामं आहे. ते हळहळले आणि गाडी फिरवून गेले.

मी खोटं बोललो की खरं, ते मला माहीत नाही.

माया उरली असेल तर दोन ओळी धाड.
हरेश